मामाचं शटर आणि खोबरेलाची बाटली

थंडीशी खासगी वैर असलेला माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच, तो माझा मामा. आणि हे वैर सुरू झालं आमच्यामुळे. पुसेगावकडच्या आमच्या तांड्यात शाळा चौथीपर्यंतच. पुढची दहावीपर्यंतची वर्षं मी पुसेगावला पायी जाऊन काढली, एकाच गणवेशावर. संध्याकाळी धुवायचा आणि सकाळी दमटच अंगात घालायचा. वडील नव्हते, आईला दमा होता. कॉलेज हिंगोलीत, आणि तिथं खोली घ्यायची आमची ऐपत नव्हती. तेव्हा सवारीची जीप चालवणाऱ्या मामानं कळमनुरी रोडवरचा जीपचा गाळा रिकामा केला, जीप बाहेर लिंबाखाली लावली आणि आम्हा मायलेकींना आत घेतलं. स्वतः जीपमध्ये झोपू लागला. घरात आम्ही आमची बंजारा बोली, गोरमाटी बोलायचो, पण मोठेपणाचं काही सांगायचं असलं की मामा मराठीवर यायचा. "जीप म्हंजी बैल," तो म्हणाला. "बैल बाहेरच बरा ऱ्हातो."

गाळ्याला तीन भिंती आणि एक शटर. दिवाळी सरली की तो पत्रा असा गार पडायचा, की शेजारी ठेवलेली भाकरी सकाळी पाटीसारखी वाजायची. आईचा दमा पहाटे उसळायचा. "या पत्र्याच्या आड यांना ठेवू नका," डॉक्टर म्हणाले. आई तांड्यावर परतली असती तर मागोमाग मीही. एकट्या पोरीला शहरात कोण राहू देतं? माझी बारावी त्या पत्र्यावर अडली होती. मामानं ठरवलं, शटरला आतून अस्तर लावायचं.

अस्तर निवडायला दुसरा कोणी दुकानात गेला असता. मामानं सवाऱ्यांना विचारलं. जीपमध्ये पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला एकच सवाल, "पाव्हणं, शटराला काय लावलं तं खोली गरम राहीन?" कोणी पुठ्ठा सांगितला, कोणी थर्माकोल. मयतीला निघालेल्या एका म्हाताऱ्यालाही त्यानं सोडलं नाही. त्या बिचाऱ्यानं डोळे पुसत पुसत "गोणपाट" असं सांगितलं. मग प्रत्येक मालाची परीक्षा. शटरचा एक कोपरा मढवायचा, त्याला टेकून खोबरेलाची बाटली ठेवायची आणि सकाळी ती उपडी करायची. तेल गोठलं तर माल नापास. "पुठ्ठा फेल," तो बाहेर उभ्या सवाऱ्यांना जाहीर करायचा, बोर्डाचा निकाल सांगावा तसा. माझं डोकं मात्र कोरडंच. तेल मागितलं की म्हणायचा, "थांब पोरी, त्याची ड्युटी चालू हाय."

शेवटी थर्माकोल आणि त्यावर गोणपाट ही जोडी पास झाली. मामानं खाली ओढलेल्या शटरवर आतून ते सगळं कणकेच्या खळीनं चिकटवलं आणि आम्हाला आत ठेवून तोंडभर हसत, उरलेल्या फटीतून बाहेर सरकला. मग बाहेरून त्यानं शटर जमिनीला टेकवलं. सकाळी बाहेरून आवाज आला, "तेल काय म्हणतं?"

"पातळ हाय, मामा."

मग त्यानं शटर उचललं. ते वीतभर वर सरकलं आणि वरच्या गुंडाळीत गच्च बसलं. ना वर, ना खाली. त्या दिवशी बारावीच्या पूर्वपरीक्षेचा पहिला पेपर. फटीतून मामाचा एक डोळा दिसला. "काहून जाम झालं आसन?"

"गुंडाळायची वस्तू हाय ती," आई आतून म्हणाली. "तू तिला गादी चिकटवली. आपल्या बापजाद्यायनं बैलाच्या पाठीवर गोणी चिकटवली व्हती काय? टाकली व्हती. सांजच्याला उतरवायची बी असती."

मामानं फटीतून हात घालून गोणपाट चाचपलं. मग म्हणाला, "बराबर हाय, बाई. पर सकाळीच बोलायचं व्हतं का?"

मी पोटावर सरपटत बाहेर आले, वेणीत गोणपाटाच्या दशा घेऊन. जीप सुरू होईना. बैलाला थंडी वाजली होती. जमलेल्या सवाऱ्यांनी धक्का मारला, आणि पेपराला मी कशीबशी पोचले.

पुढं आईनंच ते निस्तरलं. थर्माकोल-गोणपाट सोलून काढलं, गोणपाट दुहेरी करून मध्ये जुन्या लुगड्यांचे थर घातले, तांड्यातल्या बायका घालतात तसे दाट टाके घातले आणि तो पडदा शटरच्या आत नळीवर कड्यांनी लटकवला. सांजेला ओढायचा, सकाळी सारायचा. तेल पातळ राहिलं. आईचा दमा बसला. मामा सवाऱ्यांना सांगत फिरला, "पडदा म्हंजी आपलाच शोध. शिवला तेवढा बाईनं."

आता जीप नाही, आणि त्या गाळ्यात कुणाचं तरी मोबाइलचं दुकान आहे. मामा थकलाय. हिवाळ्यात माझ्या घरी आला की चहाआधी दाराला तळहात लावून बघतो आणि कपाटावरची तेलाची बाटली हळूच उपडी करतो. मी हसते. मग आठवतं, ते सगळे हिवाळे हा माणूस ताडपत्रीच्या जीपमध्ये झोपला, आणि तिथं त्यानं बाटली एकदाही ठेवली नाही.

आई तेव्हा माझ्याजवळच राहिली. मी बारावी झाले, त्याच गाळ्यात राहून बी.ए. झाले. आमच्या तांड्यातली पहिली.