मारणाऱ्याचं पान

"लिहिणाऱ्याचा हात धरता आला न्हाई, पण वाचणारं तोंड तर आपलं हाय ना?" असं म्हणून मास्तर गळ्यातली मापाची पट्टी काढायचे, घडी करून गुडघ्याजवळ ठेवायचे आणि पोथीचं लाल फडकं सोडायचे.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलर मास्तर. कुंभार पिंपळगावच्या बाजारगल्लीत माझ्या अंगणवाडीला लागूनच त्यांचं घर आणि घरातच मशीन. सांगितलेल्या दिवशी त्यांनी माझा एक तरी ब्लाउज दिल्याचं मला आठवत नाही. पण गल्लीत कोणी वारलं की मशीनवर कापड टाकून हजर, आणि तेही वेळेवर. दुखवट्याच्या घरी दहा दिवस पोथी वाचायची आमच्याकडे रीत आहे. मेल्यावर जीव कुठे जातो, कोणत्या पापाला कोणती शिक्षा, सगळं त्यात. उकळत्या तेलाची कढई, तापलेले खांब, कावळ्यांच्या चोची. तुम्हीही कधी ऐकली असेल आणि माझ्यासारखेच लहानपणी अंथरुणात पाय आखडून घेतले असतील.

मास्तर मात्र शिक्षांची पानं आली की भराभर उलटायचे आणि थेट दानधर्मावर यायचे. असं का, ते मी एकदा विचारलंच. बाहीला टाचणी टोचत म्हणाले, "माझी माय अडाणी. पोरपणी भुकेपोटी दुसऱ्याच्या रानातली दोन कणसं खाल्ली होती तिनं. मरायच्या आधी माझा हात धरून इचारायची, 'कढई किती मोठी आसंल रे?' तिला पोथी वाचून दाखवली कोणी? म्याच. चांगल्या खड्या आवाजात."

दातानं दोरा तोडला आणि पुन्हा म्हणाले, "आपण माप घेतल्याबिगर कापड कापीत न्हाई. आन तिथं दोन कणसं आसू नायतर खून आसू, एकच कढई. असला टेलर गल्लीत चालंल का?"

मग लता गेली. लता शाळेत माझ्या वर्गात होती. नवऱ्याच्या माराला कंटाळून माहेरी आली आणि वर्षाच्या आत काविळीनं गेली. सातव्या दिवशी तिचे थोरले चुलते, बापूराव, भिंतीला टेकून पोथी ऐकत होते. मास्तरांनी पानं उलटली तसे ते कडाडले, "मास्तर, नवऱ्याला सोडणारीची शिक्षा हाय त्यात. ती वाचा. सगळ्या बायांना ऐकू द्या."

लताची आई, सगळ्या गल्लीची सुमनवहिनी, पदराचं टोक तोंडात धरून बसली. लेकीला घरात घेतलं म्हणून वर्षभर लोकांची बोलणी खाल्लेली बाई. आता तेच तिला देवाच्या नावानं, स्वतःच्या घरात बसून ऐकायचं होतं. माझं रक्त उसळलं, पण तोंड उघडलं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

"वाचत न्हाई," मास्तर म्हणाले.

"देवाचा कायदा हाय तो!"

"मंग देवालाच वाचू द्या." आणि वहिनीकडे वळून हळूच, "वहिनी, लतानं काय केलं होतं?"

"मार खाणार न्हाई म्हणली," वहिनी पुटपुटली.

मास्तरांनी पोथी उचलून बापूरावांच्या पुढ्यात ठेवली. "मारणाऱ्याचं पान काढून द्या. मंग दोन्ही वाचतो, बराबर. चाळीस वर्सं झाली, मी हुडकून राह्यलो. मला तर घावलं न्हाई."

बापूरावांनी बरीच पानं चाळली. मग चष्मा घरी राहिल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

त्यानंतर मोठ्या घरांनी मास्तरांना वाचायला बोलावणं सोडलं. त्यांचे लग्नाचे कपडेही घनसावंगीला शिवायला जाऊ लागले. मास्तरांनी माघार घेतली नाही. "शिवायला कमी, मंग वाचायला टाइम जास्ती," म्हणायचे. बाकीच्या घरांतून कोणी वारलं की आता बायाच त्यांना निरोप धाडायच्या.

मागच्या पावसाळ्यात मास्तर गेले. त्यांच्या घरी त्यांचीच पोथी वाचायला कोण बसावं? बापूराव. चष्मा घालून. दुपारची वेळ होती, आम्ही बाया मशीनला टेकून बसलेल्या. बापूरावांनी लाल फडकं सोडलं, चार पानं वाचली आणि अडले. शिक्षांची सगळी पानं एकत्र धरून मास्तरांनी चारी बाजूंनी शिलाई मारून ठेवली होती. पांढरा दोरा, बारीक टाका, एकही वाकडा नाही. माझ्या ब्लाउजवर एवढी मेहनत त्यांनी कधी घेतली नव्हती. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"कातर आणा," बापूराव म्हणाले.

कोणी हललं नाही. मास्तरांची बायको खाली बघत राहिली.

"आरं, कातर कुठंय?"

"न्हाई घरात," सुमनवहिनी म्हणाली.

"टेलरच्या घरात कातर न्हाई?"

"न्हाई," मी म्हणाले. या वेळी माझं तोंड उघडलं.

शिलाई दिसताक्षणीच मी मशीनवरची कातर उचलली होती. ती माझ्या मांडीखाली होती, चांगली जड, टोचतही होती. बापूराव दानधर्माच्या पानावर जाईपर्यंत मी जागची हलले नाही.