साहेब मीटिंगमध्ये आहेत

माझी उभी नोकरी लोकांना साहेबांची भेट मिळू न देण्यात गेली. डहाणूतल्या एका सरकारी कचेरीत साहेबांच्या दाराबाहेरचं टेबल माझं, आणि "साहेब मीटिंगमध्ये आहेत" हे वाक्य मी इतक्या सफाईने म्हणायचो, की आत पेपर वाचत बसलेल्या साहेबांनाही ते कधीकधी खरं वाटायचं! त्यामुळे निवृत्तीनंतर आमची कल्याणी जेव्हा म्हणाली, "बाबा, मला एका माणसाची भेटच मिळत नाहीये," तेव्हा मला नवल वाटलं ते एवढंच, की घरात या विषयातला तज्ज्ञ बसलेला असताना ही पोरगी इतके दिवस गप्प का राहिली?

कल्याणीने वापीची चांगली नोकरी सोडून आशागडला एक शेड घेतली होती आणि तिथे चिकूसाठी एक पेटी बनवली होती. पिकलेला चिकू एरवी दोन दिवसांत लिबलिबीत होतो. तिच्या पेटीत तो दोन आठवडे घट्ट आणि गोड राहतो. (असं ती म्हणायची. मी बापाच्या नात्याने मान डोलवायचो.) पेट्या मोठ्या प्रमाणावर बनवायला पैसा उभा राहिला तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर शेडला कुलूप आणि पुन्हा वापी, असं तिनेच ठरवून टाकलं होतं. 'वापी' म्हणताना तिचा चेहरा असा उतरायचा, की मला पुढचा घास जात नसे.

"मग कर्ज काढ ना," मी म्हणालो.

"कर्ज नाही, बाबा. व्हीसी! नव्या धंद्यात भागीदार होऊन पैसा घालतात ते. मुंबईचे हिरेनभाई आहेत ना, बोर्डीला बंगला आहे बघा, ते. त्यांना मेल केले, पण उत्तर नाही. अशा माणसांना मेलचा पाऊस पडतो. कुणीतरी ओळख करून द्यावी लागते."

"म्हणजे वशिला!"

"वशिला नाही हो! त्यांनी आधी ज्याच्या धंद्यात पैसे घातलेत, त्याने दोन ओळी लिहायच्या, की हिचं काम मी पाहिलंय. तलासरीचा केतन लिहिणार आहे. त्याच्या काकांच्या वाडीत माझी पेटी चालू आहे."

दोन ओळी! मला हसू आवरेना. आमच्या कचेरीत दोन ओळींच्या चिठ्ठीवर कुणाला बाकावरसुद्धा टेकू दिलं नसतं. साहेब गाठायचा तर आधी साहेबाचा माणूस गाठावा, हे शास्त्र आहे. मी कुणाला न सांगता शनिवारी बोर्डीची एसटी पकडली.

बंगल्याच्या फाटकावर राखणदार होता. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"भाऊसाहेब, वळखलंत का? मी रमण, गंजाडचा. दाखल्यासाठी यायचो तुमच्याकडं."

"अरे वा! रमण!" (मी कसला ओळखतोय!) "हिरेनभाईंना जरा भेटायचं होतं."

"शेठ मीटिंगमध्ये हायेत."

शेठ समोर झोपाळ्यावर बसून शहाळं पीत होते. दिसत होते! मी बोटाने दाखवलं. रमणने तिकडे वळूनही पाहिलं नाही. पुढच्या शनिवारी गेलो, तेव्हाही शेठ मीटिंगमध्येच होते, फक्त यावेळी लुंगीवर. त्याच्या पुढच्या शनिवारी रमण म्हणाला, "बास. मला तीन फेऱ्या मारायला लावलेल्या तुम्ही. आता फिट्टंफाट. उद्या अकरा वाजता पोरीला घेऊन या. मी शेठशी बोललोय."

मी विजयी वीरासारखा घरी आलो. कल्याणीने कपाळावर हात मारला. "बाबा, केतन या आठवड्यात लिहिणार होता! तुम्हाला कुणी सांगितलं मध्ये पडायला?" पण मिळालेली भेट सोडवेना. तिने पेटीची तयारी केली, आणि झोपायला जाताना बजावलं, "पेटीला कुणी हात लावायचा नाही!"

आता हे वाक्य मला उद्देशून होतं, हे मला कसं कळणार? पहाटे मी पेटी उघडून पाहिली, तर आतल्या चिकूंवर चिठ्ठी चिकटवलेली, दोन आठवड्यांपूर्वीच्या तारखेची! एवढ्या मोठ्या माणसाकडे जायचं, आणि शिळी फळं न्यायची? मी शेजारच्या वाडीतून झाडावरचे ताजे, टपोरे चिकू आणून पेटीत भरले आणि चिठ्ठी व्यवस्थित परत लावली. शिळ्या चिकूंचा माझ्या बायकोने, मंदाने, मिल्कशेक केला. आम्ही दोघं तो दोन-दोन ग्लास प्यायलो.

अकरा वाजता आम्ही तिघं बंगल्यावर पोचलो. हिरेनभाई सभ्य माणूस. "बोला ने, दहा मिनिटं आहेत," म्हणाले. कल्याणीने लॅपटॉप उघडला. पण आल्या आल्या धंद्याचं बोलणं बरं दिसतं का? मी विचारलं, "आपण मूळचे कुठले?" ते वलसाडचे. वलसाडला मंदाच्या मावसबहिणीचे दीर स्टेट बसमध्ये होते! त्यांची ओळख निघते का, हे बघण्यात आठ मिनिटं गेली. (निघाली नाही.)

"बाबा!" कल्याणी दातओठ खात म्हणाली, आणि उरलेल्या दोन मिनिटांत तिने पेटी पुढे सरकवली. "सर, हे चिकू दोन आठवड्यांपूर्वीचे आहेत. खाऊनच बघा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला! मी "अहो, थां..." म्हणेपर्यंत हिरेनभाईंनी चिकू दाबून पाहिला होता. "अरे वाह! हजी कडक छे! अजून घट्ट!" म्हणत त्यांनी कचकन मोठा घास घेतला.

कच्चा चिकू ज्याने खाल्लाय त्याला पुढचं सांगायला नको. हिरेनभाईंचे डोळे विस्फारले, जीभ टाळूला चिकटली आणि ओठांवर पांढरा चीक आला. नकार द्यायलासुद्धा त्यांना तोंड उघडता येईना!

"खरे चिकू कुठे आहेत?" कल्याणीने माझ्याकडे पाहून हळूच विचारलं.

"प्यायलो," मी म्हणालो.

"पण काय गोड होते गं!" मंदा मदतीला धावली. "शिळे वाटतच नव्हते!"

हिरेनभाई आमच्या तिघांकडे पाहत राहिले. मग तोंडावर रुमाल धरून उठले आणि आत गेले. रमणने आम्हाला फाटक उघडून दिलं. परतीच्या एसटीत कल्याणी खिडकीबाहेर बघत बसली होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती डोळे पुसत होती.

त्यानंतर आठवडाभर मी घरात मीठसुद्धा मागून घेतलं नाही. मग एके सकाळी कल्याणी मोबाईल घेऊन ओरडतच बाहेर आली. केतनच्या दोन ओळी पोचल्या होत्या, आणि हिरेनभाईंचं उत्तर आलं होतं : मंगळवारी मुंबईच्या ऑफिसात या. त्या दिवशी तुमच्या आई जे बोलल्या, तेवढंच पटलं. जुने चिकू आणा. वडील नकोत.

मंगळवारी ती पेटी घेऊन गेली. पेटीला कुलूप होतं.

दुपारी रमणचा फोन आला. "भाऊसाहेब, पोरीचं काय झालं? तिच्याशी जरा बोलायचं होतं."

मी ताठ बसलो. "रमण," मी म्हणालो, "ती मीटिंगमध्ये आहे."

तो म्हणाला, "काय भाऊसाहेब! रिटायर झालात, तरी सवय जात नाय!" आणि त्याने फोन ठेवला.

जन्मात पहिल्यांदा खरं बोललो होतो हो!