पडद्यापलीकडचा पिवळा थेंब

बाळांनो, गेल्या वर्षी मी काही महिने पुन्हा कामाला जात होते, हे तुमच्या आईला ठाऊक आहे. का थांबले, ते मात्र तिला नीट सांगितलेलं नाही.

माझा एक जुना विद्यार्थी लोणी देवकरच्या त्याच्या कारखान्यात झेंडूच्या वाळल्या पाकळ्यांमधून रंग काढतो. रंग इथिल ॲसिटेट या द्रावकात उतरवायचा, मग द्रावक उकळून परत मिळवायचा. उकळण्याऐवजी त्याला पडदा वापरून पाहायचा होता. म्हणाला, "मॅडम, पडद्याची ही छोटी चकती तुम्ही पास केली की मोठे पडदे बसवतो आणि चाचणीची ही खोली गोदामाला देतो." नापास झाली तर दुसरी चकती, नवी चाचणी. मला न्यायला बारामतीत गाडी यायची. सकाळी नीट साडी नेसून दाराशी उभं राहायला एक कारण मिळालं होतं.

पडद्याचं काम थोडक्यात सांगते. त्याला भोकं नसतात. द्रावक रबराच्या पातळ थरात मुरतो, रबर फुगतं आणि द्रावकाचे रेणू त्यातून वाट काढत पलीकडे जातात. रबर फार फुगलं तर रंगाचे मोठे रेणूही निसटतात. म्हणून त्यात खनिजाची बारीक पूड घालतात. ती रबराला फुगण्यापासून आवरून धरते. आमच्या चकतीतून द्रावक हळू यायचा, पण पाण्यासारखा नितळ.

खंडेनवमीला मी घरीच होते. दसरा झाल्यावर गेले, तर पलीकडच्या बाटलीत पिवळे थेंब.

"गेली कामातून," विद्यार्थी म्हणाला. "दुसरी मागवतो. तुम्हाला अजून काही महिने त्रास आहे, मॅडम."

मला वाईट वाटायला हवं होतं. मी त्या महिन्यांचा विचार करू लागले.

तो फोन करायला बाहेर गेला. खोली झाडणाऱ्या बाई बाटलीकडे बघून म्हणाल्या, "पूजा करून बी रुसली व्हय ही?"

"कसली पूजा?"

"खंडेनवमीची! समदी मशिनं पुजली, मग हिनं काय घोडं मारलंय? उघडून चकतीला बोटं लावली. कुंकवाचा डाग बसंल म्हनून नुसती हळद."

हळदीच्या रंगाचा रेणू झेंडूच्या रंगापेक्षा बराच लहान. फुगलेल्या रबरातून तो सहज जाणार. बाहेर फोन चालू होता. मी गप्प बसले असते, तर कुणाला काही कळलं नसतं.

"तुमच्याकडे चुना आहे?" मी विचारलं.

"अगं बया! बाई, तुमी बी तंबाखू खाता व्हय?"

टीपकागदावर बाटलीतला एक थेंब टाकला, शेजारी झेंडूच्या अर्काचा. वाळल्यावर दोन्हींना ओला चुना लावला. बाटलीतला लालभडक झाला, झेंडूचा पिवळाच राहिला. मी विद्यार्थ्याला आत बोलावून सांगितलं, हा रंग पूजेच्या हळदीचा आहे.

"म्हणजे पडदा चांगला आहे?"

"चांगला आहे."

ताज्या द्रावकाने चकती धुतली. संध्याकाळपर्यंत थेंब पुन्हा नितळ पडू लागले. त्याने तिथूनच मोठ्या पडद्यांसाठी फोन लावला. मग मला म्हणाला, "आता आराम करा, मॅडम."

गाडीत बसताना बाई मागे आल्या. "म्हंजी उद्या येनार न्हाय?"

"नाही."

"मग कशाला सांगितलंत?"

मी हसले आणि गाडीचं दार ओढून घेतलं.

तुमची आई फोनवर विचारते, सकाळी काय करतेस. मी म्हणते, घर आवरते. घर आवरलेलंच असतं.