शाळेच्या स्लॅबवर सहा तास

त्या वर्षी आमची इंजिनिअर कंपनी नांदेडपासून आठ तासांच्या अंतरावरच्या एका छावणीत होती. मी हवालदार होतो. नोकरीला अठरा वर्षं झाली होती. माझं गाव जळकोट तालुक्यात, त्यामुळे सुट्टीला जाणं सोपं होतं आणि मी त्या पोस्टिंगवर खूश होतो.

पावसाळ्याआधी कंपनीला एक छोटा ड्रोन मिळाला. चार पंख, एक कॅमेरा, वजन जेवणाच्या भरल्या डब्याएवढं. मी तीन आठवड्यांचा कोर्स करून आलो होतो, म्हणून तो माझ्या नावावर चढला. लोकांना वाटतं फौजेतला ड्रोन म्हणजे बॉम्ब टाकणारा. आमचा ड्रोन पूल बांधायच्या आधी पलीकडचा काठ बघायचा, गोळीबाराच्या रेंजवर लागलेली आग कुठवर गेली ते बघायचा. एकदा टाकीवर चढून बसलेल्या माकडांची मोजणीही त्याने केली आहे.

नाईक बालाजी गायकवाड त्याला भिंगरी म्हणायचा. बालाजी मुरुडजवळच्या एका वाडीचा. वय तेहतीस. आमच्या कंपनीत होडीचं इंजिन त्याच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. दोघंही लातूर जिल्ह्यातले, म्हणून आमचं बोलणं गावाकडचं असायचं. तो मला उस्ताद म्हणायचा.

"उस्ताद, ह्या भिंगरीनं माणूस उचलता येतो का?"

"अर्ध्या किलोच्या वर काही उचलत नाही."

"मग काय कामाची."

सप्टेंबरमध्ये चार दिवस पाऊस थांबला नाही. एका संध्याकाळी हुकूम आला आणि फ्लड रिलीफ कॉलम, म्हणजे पूरमदतीची तुकडी, निघाली: तीन ट्रक, दोन रबरी होड्या, बावीस जण. सोबत कॅप्टन मेनन. सकाळी आम्ही मुखेडच्या बाजूला पोचलो. रस्ता जिथे पाण्यात जात होता तिथेच थांबलो.

पहिल्या दिवशी दोन गावांतून माणसं काढली. काम रोजच्या सरावासारखं चाललं. मी ड्रोन उडवायचा, कुठल्या छतावर माणसं आहेत ते सांगायचं, होडी जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला स्क्रीनवर जिल्हा परिषदेची एक शाळा दिसली. दोन खोल्या, वर सपाट स्लॅब. स्लॅबवर अकरा माणसं आणि एक खाट. खाटेवर कोणीतरी झोपलेलं होतं. आम्ही उभे होतो त्या भरावाच्या रस्त्यापासून शाळा साधारण पावणेदोनशे मीटर. मधून नदीचा सगळा जोर चालला होता.

दुसरी होडी चौदा किलोमीटरवर दुसऱ्या गावात होती. कॅप्टनसाहेबांनी बालाजीला विचारलं, "जाएगी?"

"जाएगी साहब."

मला भाषा येते आणि लोक ऐकतील, म्हणून मीही गेलो. ड्रोनची पेटी छातीशी बांधली होती. जास्तीच्या दोन बॅटऱ्यांची पिशवी होडीत ठेवली.

शाळा वीस मीटरवर आली आणि इंजिन एकदम बंद पडलं. बालाजीने ते वर उचललं. पंख्याला शेतातल्या ठिबकच्या काळ्या नळ्या गुंडाळल्या गेल्या होत्या. त्याने सुरा काढला, पण तेवढा वेळ मिळाला नाही. प्रवाहाने होडी शाळेच्या कुंपणावर नेऊन आपटली. लोखंडी गजाने रबर फाडलं. आम्ही व्हरांड्याचा छज्जा पकडला आणि वरच्या माणसांनी आम्हाला ओढून घेतलं. होडी, इंजिन, दोर, बॅटऱ्या, सगळं आमच्या डोळ्यांदेखत वाहून गेलं. घड्याळात अकरा पंचवीस झाले होते.

अकरा माणसं वाचवायला गेलो आणि तेरा झालो.

रेडिओ चालू होता. "थ्री फॉर वन. होडी गेली. दोघं स्लॅबवर. जखमी कोणी नाही. ओव्हर."

बराच वेळ नुसती खरखर आली. मग कॅप्टनसाहेब म्हणाले, "वन फॉर थ्री. दुसरी बोट बुलाई है. चार घंटे. होल्ड करो. ओव्हर."

होल्ड करो हा हुकूम मी आयुष्यात अनेकदा ऐकला आहे. त्या दिवशी त्याचा अर्थ नीट कळला. करण्यासारखं काही नव्हतं. स्लॅब तीस फूट लांब, अठरा फूट रुंद. चारही बाजूंनी गढूळ पाणी, आणि त्याचा आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. पाणी खिडक्यांच्या वर गेलं होतं. बालाजीने पोटावर झोपून स्लॅबच्या कडेपासून पाण्यापर्यंत वीत लावली. तीन विती. अर्ध्या तासाने पुन्हा लावली. अडीच. त्याने ते फक्त मला सांगितलं.

खाटेवर गोदाबाई होत्या. त्यांची डावी बाजू लुळी पडलेली होती. त्यांचे नवरे निवृत्तीकाका, सत्तरीचे, खाटेच्या पायथ्याशी बसून होते. सून रेखा. बाकी शेजारची दोन कुटुंबं, लेकराबाळांसकट. गावातले बाकीचे आदल्या दिवशीच निघाले होते.

मी काकांना विचारलं, "तुम्ही काल का न्हाई निघालात?"

"हिला कसं नेऊ? ट्रॅक्टरवर बसंना. म्हनलं, शाळा उंचावर हाय, हितं काय न्हाई होत." मग म्हणाले, "ही मानसं माझ्यापायी थांबली. खाट वर चढवाया थांबली आन् अडकली."

शेजारचा एक जण म्हणाला, "ते नका काढू आता, काका."

एक वाजता भिंतीत काहीतरी तडकल्याचा आवाज आला. काळी माती. पाणी शाळेच्या पायाखालून ती काढून नेत होतं. कोपऱ्यातला एक कॉलम बोटभर खाली बसलेला मला दिसत होता. पाऊस येत होता, थांबत होता. रेखाने विचारलं, "साहेब, होडी यायला अजून किती येळ?"

"येतेय."

"तसं नका सांगू. खरं सांगा."

"तीन तास. आणि आली तरी ह्या धारेत इथवर सरळ येणार न्हाई. आमचीच आली न्हाई."

तिने मान हलवली. ती रडली नाही. सासूच्या अंगावरचं प्लास्टिक सारखं केलं.

बालाजी माझ्याजवळ येऊन बसला. "उस्ताद, दोर पायजे. काठापासून इथवर जाड दोर असला, तर होडी त्याला धरून येती. इंजिन लागत न्हाई."

"दोर आणणार कोण?"

त्याने माझ्या छातीवरच्या पेटीकडे बघितलं.

ड्रोनमध्ये अठ्ठ्याहत्तर टक्के बॅटरी होती. दुसरी नव्हती. मी रेडिओवर साहेबांना सांगितलं: पातळ नायलॉनची दोरी तयार ठेवा, ड्रोन रिकामा येतोय, त्याच्या पायाला बांधा. पातळ दोरी इथे आली की तिला जाड दोर बांधून आम्ही ओढून घेऊ.

"वजन?"

"बसेल, सर. भिजली तर सांगता येत नाही."

दीड वाजता पाऊस थांबल्यावर ड्रोन सोडला. पलीकडे नीट उतरला. दोरी बांधून परत निघाला. अर्ध्या वाटेवर दोरीला झोळ पडला आणि ती पाण्याला टेकली. प्रवाहाने तिला ओढलं, दोरीने ड्रोनला. माझ्या हातातल्या रिमोटची काडी पूर्ण पुढे होती आणि ड्रोन मागे चालला होता. मी त्याला काठाकडे वळवला, तिथल्या जवानांनी दोरी ओढून घेतली. बॅटरी छत्तीस.

स्लॅबवरचे सगळे माझ्या हातांकडे बघत होते. ते मला सहन होईना म्हणून मी पाठ वळवून बसलो.

बालाजी म्हणाला, "उस्ताद, पतंग उडवलाय का न्हाई कधी? मांजा उंचावरून ढिला सोडाया लागतो. त्या लोकांना ट्रकच्या टपावर चढवा. आन् भिंगरी लई वरून आना."

तसं केलं. दोन जवान ट्रकच्या टपावर उभे राहिले, एक जण बाभळीवर चढला. मी ड्रोन सरळ चाळीस मीटर वर नेला आणि मग पुढे. दोरी पाण्याच्या वर राहिली. वारा आडवा होता. तीस टक्के. बावीस. सतरा. शंभर मीटर झाले, दीडशे झाले. रिमोट पीं-पीं करायला लागला.

दहा टक्क्यांवर ड्रोन कोणाचं ऐकत नाही. जिथे असेल तिथे उतरायला लागतो. आमचा उतरायला लागला तेव्हा तो स्लॅबच्या कडेपासून सहा-सात फूट बाहेर, पाण्यावर होता. मी काडी वर आणि पुढे दाबून धरली. तो हळूहळू पुढे येत होता आणि खालीही येत होता.

"पट्टा धरा माझा," बालाजी म्हणाला.

दोघांनी त्याच्या कमरेचा पट्टा धरला. तो कडेवरून अर्धा बाहेर झुकला आणि फिरणाऱ्या पंखांसकट ड्रोन उजव्या हाताने धरला. पंख थांबेपर्यंत त्याने तो सोडला नाही. मी मोटर बंद करायला दोन सेकंद उशीर केला. तो नीट धरला गेलाय याची खात्री झाल्याशिवाय बंद करायची माझी हिंमत झाली नाही.

तीन बोटं हाडापर्यंत कापली होती. रेखाने पदर फाडून हात बांधला.

"लई लागलं का?" मी विचारलं.

"दोरी बघा आधी," तो म्हणाला.

पातळ दोरीला जाड दोर बांधून आला. सगळ्यांनी ओढला, बायकांनीही. सळ्या फक्त त्या बसलेल्या कोपऱ्यातच वर निघालेल्या होत्या; बालाजीने तो तिथेच, सळ्यांना आणि कॉलमच्या डोक्याला वेढे घालून बांधला. डाव्या हाताने आणि दातांनी. दोन चाळीसला दोर ताणला गेला. काकांनी त्याला हात लावून बघितला आणि तसाच हात ठेवून बसले.

दुसरी होडी तीन पन्नासला आली. दोन जवान दोर धरून होडी ओढत स्लॅबपाशी आले. पहिल्या खेपेला गोदाबाई, रेखा, मुलं. गोदाबाईंना बसवता येत नव्हतं. बालाजीने स्वतःचं लाइफ जॅकेट काढून त्यांना घातलं आणि दोन्ही बाजूंनी गाठी मारल्या. मी म्हणालो, "माझं देतो." तो म्हणाला, "तुमचं लहान पडतंय." ते खरं नव्हतं. दोन्ही एकाच मापाची होती.

खेपांना वेळ लागत होता. एका खेपेला पाऊण तास लागला कारण वाहून आलेलं झाड दोरात अडकलं. पाच वाजून दहा मिनिटांनी शेवटच्या खेपेसाठी होडी आली; बालाजीचं जॅकेट गोदाबाईंच्या अंगावरच राहिलं होतं. चौघं उरलो होतो: काका, शेजारचा एक माणूस, बालाजी आणि मी. सीनिअर मी होतो. शेवटी मी निघायचं होतं.

"बालाजी, बस."

"तुम्ही बसा, उस्ताद. होडी बाजूला लावून धराया लागतीय. ते माझं काम हाय."

"हात बघ तुझा."

"डावा चांगला हाय की."

मी बसलो. ही गोष्ट मी पुढे कागदावर लिहिली, पण तोंडाने बरीच वर्षं कोणाला सांगितली नाही.

तो एक पाय होडीत टाकणार, तेवढ्यात कोपऱ्याचा कॉलम गेला. आवाज मोठा नव्हता. स्लॅबचा तो भाग खाली झुकला आणि दोराचं टोक सुटलं. होडी काठाच्या बाजूने बांधलेल्या दोरावर खालच्या अंगाला फेकली गेली. बालाजी त्याच दोराच्या मोकळ्या टोकाला लटकला होता, आमच्यापासून दहा फुटांवर. मी वल्हं पुढे केलं. पोचलं नाही. जवानांनी दोर ओढायला घेतला. सात फूट. सहा फूट. त्याने उजवा हातही दोरावर घातला होता. फडकं सुटून पाण्यावर पसरलं होतं. तो माझ्याकडे बघत होता, हाक मारली नाही. मग हात सुटला.

पाच बावीस. मी घड्याळ बघितलं, कारण तशी सवय असते.

दोन दिवस शोध चालला. बॅटऱ्या मागवून घेतल्या, ट्रकवर चार्ज केल्या, आणि मी सकाळपासून अंधार पडेपर्यंत ड्रोन उडवला. नारिंगी जॅकेट असतं तर लगेच दिसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, सहा किलोमीटर खाली, आडव्या झालेल्या उसात मला बूट दिसले. मी साहेबांना रेडिओवर जागा सांगितली. मग ड्रोन खाली उतरवला आणि ट्रकच्या मागे जाऊन बसलो.

चौकशीत मी सगळं लिहून दिलं. उजव्या हाताला इजा, कारण ड्रोनचे पंख. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, यात कोणाची चूक नाही. बालाजीच्या घरी मात्र मी हाताचं सांगितलं नाही. दर वर्षी त्या दिवशी मुरुडला जायचो, चहा घ्यायचो, परत यायचो.

मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. आता मी जळकोटला फवारणीचा ड्रोन चालवतो. सोयाबीन, तूर. दहा लिटरची टाकी, एका एकराला सात-आठ मिनिटं. पाठीवर पंप घेऊन दिवसभर औषध नाकात घेणाऱ्या माणसाला हे काय आहे ते सांगावं लागत नाही. यंदा मुरुडच्या एका बचत गटातल्या बायका लातूरला प्रशिक्षणाला आल्या. शिकवायला मी होतो. यादीत चौथं नाव सुनीता बालाजी गायकवाड, बालाजीची बायको.

सुरक्षेचा धडा पहिल्याच दिवशी असतो. फिरत्या पंखांजवळ हात न्यायचा नाही. ते मी तीनदा सांगितलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दुपारच्या सुट्टीत मी सुनीताताईंना बाजूला बोलावलं आणि सांगितलं. ड्रोन, बोटं, दोन सेकंद, आणि मी होडीत आधी बसलो ते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. डबा हातात तसाच होता.

"मला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "शेवटची आंघोळ मीच घातली. हात बघितला की मी."

"मग कधी विचारलं न्हाई?"

"तुम्ही दर साली येत व्हता. म्हनलं, सांगतील कधीतरी."

त्यांनी डबा खाली ठेवला.

"किती मानसं निघाली व्हती तिथून?"

"अकरा. आणि मी."

"गोदाबाई म्हनून एक व्हत्या न्हवं?"

"हाव. त्यांना तुम्ही कशा वळखता?"

"त्यांची सून येती ना. रेखा. भाऊबीजेच्या आधी येती दर साली. म्हातारी गेली आता. पर चार वरसं जगली."

हे मला माहीत नव्हतं. माझ्या आधी रेखा तिथे पोचली होती आणि तिने सगळं सांगून टाकलं होतं.

सुट्टी संपली. आम्ही मैदानावर गेलो. सुनीताताईंनी पहिलं उड्डाण केलं. वारा आडवा होता, तरी ड्रोन सरळ नेला, सरळ आणला. उतरवल्यावर पंख पूर्ण थांबेपर्यंत त्या जागेवरून हलल्या नाहीत. मी वहीत त्या उड्डाणासाठी त्यांच्या नावापुढे उत्तीर्ण लिहिलं. नाव पूर्ण लिहिलं, मधलं नाव धरून.