लटारूची गिटार अन माहं मुसळ

लिही बाबू, त्याचं नाव लटारू. तवा मी हे नाव तोंडातून काढत नव्हती. माह्या मालकाचा मोठा भाऊ तो, माहा भासरा. भासऱ्यासमोर सुनेनं जाचं नाई, त्याच्याशी बोलाचं नाई. तो ओसरीत आला का मी पदर ओढून भितीमांगं.

आमी ढिवर, गोंडपिपरीकडचे. घरचे सारे तळ्यात जाळं टाकत, अन हा गेला बल्लारशाले, रेल्वेच्या क्लबात झाडलोट कराले. तिथल्या एका गोऱ्या गार्डानं त्याले गिटार शिकवली. असा शिकला का त्यायच्यातलाच झाला! दोन गिटारा, एक माणसाएवढं उभं तारायचं बाजं, अन एक नगारेवाला. चौघं मिळून साहेबलोकायच्या नाचाले वाजवत. मुंबईले जाऊन रिकाडीबी काढल्या. वहीसारखा जाड पुठ्ठा, त्यात रिकाडी. जुने इंग्रजी नाचाचे गाणे, अन दोन ह्यायचे सोताचे.

मंग देश सोतंत्र झाल्यावर पाच-सहा सालानं ते संगचे तिघं गोरे बायकापोरं घेऊन विलायतेले गेले. लटारू गिटार अन तो पुठ्ठा घेऊन गावात आला. रिकाडी वाजवाची मशीन आमच्या गावात कोणाकडंच नव्हती.

एकटाच वाजवे, पण त्याले ते गोड लागे ना. ताल धराले कोणी पायजे होतं. गावच्या दंडारीच्या खेळातल्या पोचू ढोलकीवाल्याले बसवलं.

"लटारूभाऊ, तुहं गाणं लंगडते गा!"

"लंगडत नाई बे, झुलते! तू पयलेच काऊन ठोकतं? जरा मांगून ठोक."

"मांगून ठोकाले मी का बैल हाकून राह्यलो?" पोचू उठून गेला.

मी भितीमांगं धान कांडत होती. मुसळ वर गेलं का गिटार बोले, खाली पडलं का सरके. मले समजलं, हा माह्या मुसळावर वाजवून राह्यला. मंग ते रोजचंच झालं. तो तिकडं, मी इकडं. एक दिवस हात दुखले, मी हळू झाली, तं तो सासूले म्हणे, "आई, झोपली का म्हण तिले!"

"मंग तूच ये कांडाले!" सासू म्हणे.

पदर तोंडात कोंबून हासली मी. माहेर सुटल्यापासून तशी हासलीच नव्हती.

मंग गावात धानाची गिरणी आली. मालक पोते तिकडंच नेत. लटारू ओसरीत गिटार घेऊन बसे अन वाट पाहे. शेवटी म्हणे, "आई, धान नसन तरी चार ठोके टाकू दे तिले."

सासू भडकली. "रिकामं उखळ कांडते का कोणी? घरातलं धान सराव वाटते का तुले?"

तिचंबी बरोबर होतं. आमच्यात तसं कोणी करत नाई, घरात दाणा उरत नाई म्हणत.

तो तसाच गिटार घेऊन वाजवाले लागला. जिथी मुसळ पडाचं तिथी हात थांबवे, तेवढी जागा सोडे, अन मंग पुढं जाये. मी भितीमांगं रिकाम्या हातानं बसून. ती जागा आली का जीव वर येये. सांगाव वाटे, मी आहो इथी, आयकून राह्यली. पण मले बोलाचं नव्हतं ना.