छातीत स्प्रिंग घेऊन ट्रेनर शोधताना

घाबरलेल्या माणसाचे किस्से फार लवकर साठतात. तो बिचारा जीव मुठीत धरून बसलेला असतो, आणि बाकीचे चहा पिता पिता त्याच्याच गोष्टी एकमेकांना सांगत असतात. दोन हजार चार-पाचच्या सुमाराला माझी अँजिओप्लास्टी झाली आणि पुढचं वर्षभर आमच्या ऑफिसला दुसऱ्या करमणुकीची गरजच पडली नाही!

डिस्चार्ज देताना डॉक्टर म्हणाले, "व्यायाम सुरू करा. पण एकट्यानं नको, जाणकार माणूस सोबत ठेवा."

माझ्या बायकोनं, शालननं, त्यातलं "एकट्यानं नको" एवढंच ऐकलं. मी आंघोळीला गेलो की ही दाराबाहेर उभी. दर दोन मिनिटांनी हाक, "अहो, हाय न्हवं?"

"हाय!"

एकदा तोंडाला साबण होता म्हणून उत्तराला उशीर झाला, तर शेजारचे दोघं दार तोडायला हजर! हसू नका. दार उघडलं तेव्हा ती साबणासकट माझं तोंड पदरानं पुसायला लागली.

*

ऑफिसातला बापू गडमुडशिंगी गावचा. "तुला ट्रेनर मी हुडकून देतो की," म्हणाला आणि मोटरसायकलवर घालून मला थेट एका तालमीत घेऊन गेला. वस्ताद सत्तरीचे, मान खांबासारखी.

"छातीत काय बसवलंय म्हणालासा?"

"स्टेंट. बारीक स्प्रिंग असती."

"मग जोर मारताना वाजती काय?"

मी घाबरत विचारलं, "वस्ताद, व्यायाम करताना इथं कुणाला कधी काय झालंय का?"

"ह्या मातीत एकबी माणूस मेल्याला न्हाय," ते छाती पुढं काढून म्हणाले. मग जरा विचार करून, "घरला जाऊन मेलं असतील, ते आमाला कोण सांगतंय!"

मी चपला हातात घेऊनच बाहेर पडलो.

*

मग राजारामपुरीतली एसी जिम. तिथल्या ट्रेनरचा दंड माझ्या मांडीएवढा, भिंतीवर सर्टिफिकेट फ्रेममध्ये. त्यानं फॉर्म पुढं केला. शेवटची ओळ होती, "व्यायाम करताना मृत्यू आल्यास जिम जबाबदार राहणार नाही."

ती ओळ मी तीनदा वाचली. पेन काही उचलवेना.

"काय न्हाय सर, नुसती फॉर्मॅलिटी हाय."

"मृत्यू?"

"न्हाय ओ, सही!"

*

शेवटी शालननंच कांबळे मॅडमना गाठलं. मुलींच्या शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेल्या, बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या. घरी आल्या, माझे सगळे रिपोर्ट चष्मा लावून वाचले आणि विचारलं, "भीती वाटती?"

"छे!"

"मग मला वाटती. दोघांतल्या एकाला तरी वाटायला पायजे."

मी त्याच मिनिटाला हो म्हणालो.

सकाळी कळंबा तलावावर चालायचं. पहिल्या आठवड्यात एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. तेवढ्यातही मी चार वेळा छातीवर हात ठेवायचो. त्या ओरडायच्या, "हात खाली! तिथं हाय ते. पळून जात न्हाय!"

*

चार महिन्यांनी एका सकाळी बोलता बोलता त्या बांधावर खाली बसल्या. कपाळावर घाम. "डावा हात भरून आलाय," म्हणाल्या. ते वाक्य मला चांगलं ओळखीचं होतं. आसपास माणूस नाही, दोघांकडं मोबाईल नाही.

वर्षभर मी जिनासुद्धा थांबत थांबत चढलो होतो. त्या दिवशी रस्त्यापर्यंत पळालो. कानात नुसते ठोके. समोरून दुधाचा टेम्पो आला, मी त्याला आडवाच गेलो.

ड्रायव्हरनं माझा दंड धरला. "पावणं, आधी बसा! दवाखान्यात घालतो तुमास्नी."

"मी न्हाय! पेशंट तिकडं हाय!"

"व्हय व्हय, तुमी बसा!"

शेवटी शेजारी बसून मीच स्टेअरिंग तलावाकडं ओढलं. कॅनच्या मधे जागा करून आम्ही मॅडमना दवाखान्यात पोचवलं. अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मला आत सोडलं. नळ्या, मशीन, आणि मधे एवढ्याशा झालेल्या मॅडम.

त्यांनी डोळे उघडले. "रस्त्यापर्यंत पळालासा म्हणं?"

"व्हय, मॅडम."

"वॉर्म-अप केलासा?"