सरकारच्या पाहुण्याविरुद्ध

अवसरी बुद्रुकचे सयाजी हिंगे आळेफाट्याला गॅरेज चालवतात. त्याआधी ते परदेशात एका मदतसंस्थेची रुग्णवाहिका चालवायचे. शेजारच्या देशाने तिथे युद्ध लादलं, तेव्हा बाकीचे ड्रायव्हर मायदेशी परतले. सयाजीभाऊ थांबले. "जखमी कुनी न्यायचं मंग?" एवढंच ते सांगतात.

एका भर दुपारी त्यांच्या गाडीवर क्षेपणास्त्र आदळलं. टपावर रुग्णवाहिकेचं लाल चिन्ह ठळक रंगवलेलं होतं. आत दोन जखमी मुलं आणि मरियम नावाची नर्स होती. तिघंही गेली. सयाजीभाऊ वाचले, डावा पाय मात्र कायमचा अधू झाला. दुसऱ्या दिवशी हल्लेखोर देशाच्या राष्ट्राध्यक्षाने टीव्हीवर अभिमानाने सांगितलं, की हुकूम आपणच दिला होता.

पुढे तो पदावरून उतरला आणि गेल्या वर्षी सरकारचा पाहुणा म्हणून दिल्लीला येणार, अशी बातमी आली. सयाजीभाऊ त्याच दिवशी जुन्नरला माझ्या ऑफिसात आले. हाताचं ग्रीसही धड पुसलेलं नव्हतं.

"वकीलबाई, ह्या मानसाला धरायचं कुनी?"

"सरकारने," मी म्हणाले. "जखमींवर आणि त्यांना नेणाऱ्यांवर हल्ला करायचा नाही, असा जगाचा करार आहे. आपण त्यावर सही केली, एकोणीसशे साठ साली कायदाही केला. गुन्हेगार कुठल्याही देशाचा असो, तो लागू होतो. पण कोर्टात तक्रार सरकारनेच करायची. तुम्हाला ती करता येत नाही."

"मंग आपन सरकारला सांगू."

हाती काही लागणार नाही, हे मी स्पष्टच बोलले. त्यांचे चुलतभाऊ बाळासाहेब तर घाबरलेच. "देशाच्या पावण्यावर केस? लई अंगाशी येईल, राव!"

"पावणा हाय तर चहा द्या त्याला," सयाजीभाऊ म्हणाले. "पर मरियमला का मारलं, ते इचारा तरी."

अर्जाला जोडायला जबाब हवा होता. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी आधी हात वर केले, मग खुर्ची दिली आणि सगळा जबाब लिहून घेतला. सयाजीभाऊ शांतपणे सांगत होते. मुलांची नावं विचारली, तिथे ते अडखळले. "इचारायला येळच मिळाला न्हाई, साहेब."

जबाब आणि आमचा अर्ज दिल्लीला गेला. पाहुणा आला, पुष्पगुच्छ घेतला, भाषण केलं, निघून गेला. सरकारकडून फक्त अर्ज मिळाल्याची पोच आली. गॅरेजवर लोक चेष्टा करू लागले. मीही खचले होते. सयाजीभाऊंनी मात्र मला दुसरा अर्ज लिहायला लावला.

दरम्यान त्यांनी जबाबाची एक प्रत मरियमच्या भावाला पाठवली होती. तो तिसऱ्याच एका देशात राहतो. तिथल्या सरकारी वकिलांनी चौकशी सुरू केली आणि सयाजीभाऊंना साक्षीला बोलावलं. माझ्या ऑफिसातून, व्हिडिओवर, दुभाष्यामार्फत त्यांनी ती दिली. प्रश्न उलटसुलट आले, तरी ते कुठे अडले नाहीत की एक शब्द वाढवून बोलले नाहीत. पुढच्याच महिन्यात त्या माजी राष्ट्राध्यक्षाने अटकेच्या भीतीने त्या देशाचा ठरलेला दौरा रद्द केला.

मी आनंदाने सयाजीभाऊंना फोन केला.

"बरं झालं," ते म्हणाले. "पर त्या देशानं इचारलं, तसं आपल्या सरकारनंबी इचारायला पायजे व्हतं. तो फिरून हितं येईल, वकीलबाई. सोमवारी येतो. तिसरा अर्ज लिहू."